पुसणे आणि निरूपणे : महानुभाव गद्याच्या उदयातील प्रश्नकर्त्यांचे स्थान

नागपूरच्या ईशान्येस असलेला रामटेकचा डोंगर आणि अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही दोन स्थळे विदर्भाच्या प्राचीन इतिहासात एकदा नव्हे, दोनदा परस्परांशी जोडली गेली आहेत. पहिला संबंध वाकाटककालीन आहे. राणी प्रभावतीगुप्ता हिचा, दुसऱ्या प्रवरसेनाच्या 19 व्या राज्यवर्षातील ताम्रपट रिद्धपूर येथे सापडला. परंतु तो दिला गेला तो रामगिरीच्या स्वामींच्या पादमूलापासून. रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले असून ते आता बहुतेकांस मान्य आहे. दुसरा संबंध तेराव्या शतकातला होय, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यातूनच निघतो. महानुभाव परंपरेनुसार गुजरातच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव हा घरातून निघाला तो रामयात्रेच्या निमित्ताने, म्हणजे रामटेकच्या दर्शनास. वाटेत बरोबरचा लवाजमा त्याने मागे सोडला, रिद्धपुरी त्याची गोविंदप्रभूंशी भेट झाली आणि प्रधानपुत्राचा चक्रधर झाला. रामटेक येथील भोगरामाच्या मंदिराशी चक्रधरांच्या वास्तव्याची आठवण पंथाने जोडली आहे. त्याच डोंगरावर लक्ष्मणाच्या मंदिरात यादव रामचंद्रदेवाच्या काळाचा संस्कृत शिलालेख आहे. रामचंद्रदेव 1271 साली गादीवर आला. म्हणजे मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ ज्या पिढीने घडविला, तिच्याच काळात या डोंगरावरची राजभाषा पाषाणावर संस्कृतातच बोलत होती. हा विरोध ध्यानात ठेवला तर पुढील विवेचन अधिक स्पष्ट होईल.

ज्या ग्रंथाविषयी आपण बोलत आहोत तो ‘लीळाचरित्र’. शके 1200 च्या, म्हणजे 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी तो सिद्ध केला. त्याच्या भाषेविषयी, इतिहासमूल्याविषयी आणि पाठनिश्चितीविषयी विपुल लेखन झाले आहे. य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 साली निघाला, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग पुढच्या दशकात प्रसिद्ध केले; नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. या सर्व अभ्यासात एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे या ग्रंथातील प्रश्नकर्ते. लीळाचरित्रात चक्रधर जे बोलतात त्याचा फार मोठा भाग कोणीतरी काहीतरी पुसल्यावर बोललेला आहे. आणि पुसणारे बहुधा शास्त्रज्ञ पंडित नसून नुकतेच दारात आलेले, अक्षरओळख असलेले वा नसलेले, साधे स्त्रीपुरुष आहेत. मराठी गद्याच्या उदयाचे श्रेय आपण निरूपण करणाऱ्यास देतो ते योग्यच आहे. पण निरूपण मराठीत का झाले, ते लिहून का ठेवले गेले आणि ज्या आकारात आज ते आपल्यापुढे आहे तो आकार त्यास कसा आला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुसणाऱ्यांकडे पाहिल्यावाचून मिळत नाहीत.

प्रथम ‘पुसणे’ या शब्दाविषयी. पुण्याकडील आजच्या प्रमाण भाषेत या क्रियापदाचा रूढ अर्थ ‘स्वच्छ करणे’ एवढाच उरला आहे आणि विचारण्याच्या अर्थी ते काव्यापुरते राहिले आहे. वऱ्हाडात मात्र खेड्यापाड्यांतून अद्यापि माणसे एकमेकांस पुसतात. लीळाचरित्राचे पहिले पान उघडणाऱ्या वैदर्भीय विद्यार्थ्यास हा शब्द अडत नाही, ही शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी लहानशी सोय आहे. प्राचीन मराठीत ‘पुसणे’ आणि ‘निरूपणे’ ही जोडी आहे; एकाशिवाय दुसऱ्याचा प्रसंग येत नाही.

विद्येच्या दारात प्रश्न घेऊन येणाऱ्या नवख्याचे काय करावे, याविषयी आपल्या प्राचीन परंपरेने निरनिराळी उत्तरे दिली आहेत. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांस प्रथम एक वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांनी युक्त होऊन राहण्यास सांगतात. मग हवे ते विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे आश्वासन देतात. यात अव्हेर नाही, उलट ‘ठाऊक असेल तर’ या शब्दांत मोठा विनय आहे. पण उंबरठा आहे, आणि तो वर्षभराचा आहे. बृहदारण्यकात गार्गी एकामागून एक प्रश्न विचारीत जाते तेव्हा याज्ञवल्क्य तिला अतिप्रश्न न करण्याविषयी बजावतात आणि मस्तक गळून पडेल असा धाक घालतात. (तीच गार्गी पुढे पुन्हा उभी राहून दोन प्रश्न विचारते, हे मात्र पुष्कळ लोक विसरतात.) मनुस्मृतीने न विचारता सांगू नये आणि अयोग्य रीतीने विचारणाऱ्यासही सांगू नये असा दंडक घातला. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला; सत्य जाणण्यासाठी होणारी चर्चा निराळी आणि जिंकण्यासाठी होणारी निराळी, हे त्यामागचे तत्त्व होय. या सर्वांत प्रश्न विचारणाऱ्याची पात्रता आधी तपासली जाते. तपासणी हेतूची असते, वृत्तीची असते, आणि व्यवहारात पाहता जातीची व लिंगाचीही असते.

चक्रधरांच्या परिवारात ही तपासणी कशी होत होती? ती नव्हतीच असे म्हणता येणार नाही. वादासाठी आलेल्या पंडितांशी ते वादाच्याच भाषेत बोलले. खुद्द म्हाइंभट हे असेच आलेले गृहस्थ. सराळे गावचे हे विद्वान शास्त्रनिपुण म्हणून ख्यात होते आणि आपल्या विद्वत्तेचा त्यांस गर्व होता असे परंपरा सांगते. चक्रधरांपुढे तो गर्व टिकला नाही. पंथाच्या इतिहासातील हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे : जो जिंकण्यासाठी प्रश्न घेऊन आला, त्यानेच पुढे आयुष्य वेचून इतरांनी जाणण्यासाठी पुसलेले प्रश्न गोळा केले. तपासणी होती ती एवढीच, की पुसणाऱ्यास उत्तर हवे आहे की विजय. उत्तर हवे असेल तर प्रश्न लहान की मोठा, शास्त्रोक्त की घरगुती, हे पाहिले जात नाही. वर्षभराचा उंबरठा नाही. संस्कृताची अट नाही. पुरुष असण्याची अट नाही.

लीळाचरित्रातील नावेच पाहावीत. बाइसा, महदाइसा, उमाइसा, साधाइसा अशी ‘आइसा’ या आदरार्थी प्रत्ययाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांची रांगच आपल्यापुढे येते. तेराव्या शतकात पतिविहीन ब्राह्मण स्त्रीचा समाजातील दर्जा काय होता हे सांगावयास नको. अशा स्त्रिया येथे गुरूपुढे बसून ‘जी जी’ म्हणत मनातले विचारतात आणि गुरू त्यांस उत्तर देतो. प्रश्न काही मोक्षाचेच असतात असे नाही. स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानावा की काय, हा प्रश्नही तेथे येतो. आणि देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ जातात तसाच हा एक देहधर्म, त्याचा विटाळ कसला, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळते. या उत्तराचे धाडस वाखाणले जाते ते रास्तच आहे. परंतु असा प्रश्न पुरुषाचार्यापुढे उच्चारता येईल असे एखाद्या स्त्रीस वाटले, ही त्याहून मोठी घटना आहे. उत्तर देणाऱ्याने आधी कितीतरी लहान प्रश्न हसण्यावारी न नेता ऐकून घेतले असले पाहिजेत. त्यावाचून असे प्रश्न जिभेवर येत नसतात.

यांत महदाइसा हिचे स्थान विशेष आहे. ही नागदेवाचार्यांची नात्याने चुलत बहीण. रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी तिने गायिलेल्या ‘धवळ्यां’मुळे मराठीची आद्य कवयित्री म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि ही कीर्ती इतकी मोठी की तिच्या मागे तिचे दुसरे रूप झाकले गेले. ते रूप अखंड पुसत राहणाऱ्या बाईचे. चक्रधरांनीच तिला जिज्ञासू आणि चर्चा करणारी म्हातारी असे संबोधून, ही येथे नित्य काही ना काही विचारीतच असते असा तिचा उल्लेख केल्याचे परंपरेने नोंदविले आहे. या उद्गारात कंटाळा आहे की कौतुक? संदर्भ पाहता कौतुकच आहे. गुरूने शिष्येला दिलेली ही पदवी आहे, आणि ती पाठांतराबद्दल, सेवेबद्दल वा तपाबद्दल नसून प्रश्न विचारण्याबद्दल आहे. प्राचीन भारतीय वाङ्मयात स्त्रीस या कारणासाठी गौरविल्याची उदाहरणे शोधूनच काढावी लागतील.

प्रश्नांचे असे स्वागत करण्यात गुरूचे काही खर्ची पडते, हेही नमूद केले पाहिजे. नवा माणूस तेच विचारतो जे कालच्याने विचारले होते. जाणत्यांच्या कोणत्याही मंडळीत हा शीण असतो. आजच्या यंत्रविद्येत आणि संगणकाच्या विद्येत नव्याने शिरणाऱ्यास ‘आधी ग्रंथ वाचून या’ असे जे उत्तर अनेकदा ऐकावे लागते, त्याच्या मुळाशीही उद्धटपणापेक्षा हा शीणच अधिक असतो. चक्रधरांनी या शिणावर काढलेला उपाय म्हणजे दृष्टांत. केसोबास ऊर्फ केशिराज यांनी पुढे हे दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या नावाने एकत्र केले; त्यांची संख्या 114 आहे. प्रत्येकास सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आहेत : आधी तत्त्व, मग गोष्ट, मग गोष्टीचा तत्त्वाशी मेळ. गोष्टींची सामग्री पाहिली तर ती शेतातली, गोठ्यातली, बाजारातली, देवळाच्या चाकरांतली आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपडून पाहिल्याची सर्व भारतभर फिरलेली कथाही त्यांत आहे. ऐकणारा ज्या घरातून आला त्या घरातल्या वस्तू उचलून त्याच्यापुढे ठेवावयाच्या, हे या पद्धतीचे रहस्य. पंडितांच्या सभेत अशा दृष्टांतांची गरज पडली नसती. दृष्टांतपाठातील गोष्टी कोणासाठी रचल्या गेल्या, याचा पुरावा त्या गोष्टींच्या अंगावरच आहे.

चक्रधरांच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आली. त्यांच्या काळातील आठवणींचा संग्रह ‘स्मृतिस्थळ’ या नावाने उपलब्ध असून त्यातील दोन प्रसंग मराठीच्या इतिहासात वारंवार सांगितले जातात. एका प्रसंगी केसोबास आणि पंडित दामोदर हे दोघे विद्वान संस्कृताच्या वळणाने काही विचारतात. तेव्हा, तुमची ती भाषा मला कळत नाही, मला श्रीचक्रधरांनी मराठीत सांगितले आहे, तेच मला विचारा, अशा आशयाचे उत्तर भटोबास देतात. दुसऱ्या प्रसंगी केसोबासांनी पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात उतरविण्याचे मनात आणले असता भटोबास त्यांस थांबवितात. कारण असे देतात की, तसे केल्यास माझ्या म्हाताऱ्या नागविल्या जातील.

या दोन प्रसंगांचा अर्थ आजवर बहुधा मराठीचा अभिमान असा लावला गेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत, तो अर्थ स्वाभाविक होता, आणि त्याने पुष्कळांस स्फूर्तीही दिली. पण तो अर्थ मूळ प्रसंगास पुरता लागू पडत नाही. भटोबास भाषेची बाजू घेत नाहीत; ते म्हाताऱ्यांची बाजू घेत आहेत. संस्कृताविषयी त्यांस द्वेष असता तर केसोबासांचे ‘रत्नमालास्तोत्र’ हे संस्कृत काव्य पंथात आदराने राखले गेले नसते. स्तोत्र संस्कृतात चालते, कारण स्तोत्र म्हणावयाचे असते; त्याविषयी प्रश्न विचारून काही समजून घ्यावयाचे नसते. शास्त्र मात्र पुसून समजून घ्यावयाचे असते. ते ज्या भाषेत असेल त्याच भाषेत पुसावे लागते, आणि ज्यांस ती भाषा येत नाही त्यांचे पुसणे त्या क्षणी बंद होते. ‘नागविणे’ हा भटोबासांचा शब्द येथे फार अचूक आहे. नागविले जाते ते आधी जवळ असलेले धन. म्हाताऱ्यांजवळ धन होते : त्या पुसत होत्या आणि त्यांस उत्तर मिळत होते. केसोबास अजाणता ते काढून घ्यावयास निघाले होते. आमचे मत असे की महानुभावांनी मराठी स्वीकारली ती प्रश्न विचारणाऱ्याची भाषा म्हणून.

आता लीळाचरित्राच्या रचनेकडे वळू. चक्रधर उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळविल्या आणि रिद्धपुरी भटोबासांकडून त्या पारखून घेतल्या. हे कार्य करताना त्यांनी केवळ स्वामींचे वचन टिपून घेतले असते तर ते सोपे झाले असते, आणि त्या काळच्या रीतीस धरूनही झाले असते. त्यांनी स्थळ नोंदले, सोबत कोण होते ते नोंदले, आणि कोणी काय पुसले तेही नोंदले. जेथे दोन आठवणी जुळल्या नाहीत तेथे एक खरी ठरवून दुसरी टाकून देण्याऐवजी दोन्ही राखण्याची वृत्ती या ग्रंथपरंपरेत दिसते; निराळ्या आठवणीस तेथे ‘वासना’ अशी संज्ञा आहे. पुढे मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, त्यातून पाठभेद निर्माण झाले. त्या पाठांपैकी एकास हिराइसेचे नाव आहे. पंथातील बायांपैकी एकीच्या स्मरणावर ग्रंथाचा पाठ ओळखला जातो. भटोबास ज्यांच्यासाठी केसोबासांना थांबवीत होते त्या कोण होत्या याची कल्पना यावरून यावी.

म्हाइंभटांच्या या नोंदीचे मोल किती होते हे कळण्यास फार काळ लागला नाही. केसोबासांनी लीळाचरित्रातील चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पाठ करण्यास, नित्य म्हणण्यास तो सोयीचा होता, आणि पंथात त्याची प्रतिष्ठा वेदासारखी झाली. परंतु निवड करताना वचन राहिले आणि प्रश्न गळला. उत्तर उरले, पुसणारा नाहीसा झाला. परिणाम असा झाला की कित्येक सूत्रे नुसती वाचून उमगेनाशी झाली. मग सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास, कशाविषयी सांगितले हे दाखविणारे ‘प्रकरणवश’ नावाचे निराळे वाङ्मय पंथास निर्माण करावे लागले. गळून पडलेला प्रश्न पुन्हा शोधून उत्तरास जोडावयाचा, हेच त्याचे प्रयोजन. सूत्र अल्पाक्षर असावे हा संस्कृत शास्त्रांचा आदर्श. मराठी सूत्रांस तो लावताच शंभर वर्षांच्या आत टीकाकारांची गरज पडली. केसोबासांची योग्यता मोठी, त्यांच्याविषयी न्यूनत्वाने बोलण्याचा येथे हेतू नाही. पण संस्कृत ग्रंथरचनेस नकार मिळाल्यावरही त्या विद्येचे वळण त्यांच्या हातून सुटले नव्हते, असे म्हणावेसे वाटते.

एक उदाहरण घेऊ. कानडी व तेलंग देशांत जाऊ नये असा चक्रधरांचा एक निषेध आहे, आणि महाराष्ट्रात राहावे असा त्याच्या जोडीचा विधी आहे. नुसते सूत्र वाचणाऱ्यास यात प्रांताभिमान दिसतो. विसाव्या शतकात तो तसा पाहिलाही गेला. पण परंपरेने राखलेले कारण निराळे आहे : ते देश विषयांनी संपन्न, तेथे तपस्व्यांस मान फार, म्हणून विरक्ताच्या विरक्तीस तेथे धोका. म्हणजे हा शेजाऱ्यांचा अनादर नव्हे. उलट शेजारी फार आदर करतील ही भीती आहे. ज्यास हे सांगितले तो संन्यस्त वृत्तीचा साधक होता हे विसरले की वाक्याचा अर्थ उलटा होतो. उत्तर कोणाला दिले हे ठाऊक नसेल तर उत्तर काय दिले हेही नीटसे ठाऊक नसते.

चौदाव्या शतकात पंथाच्या इतिहासाने जे वळण घेतले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. यादवांचे राज्य मोडले, भटोबास निवर्तले, पंथाच्या शाखा होऊ लागल्या. ग्रंथांच्या रक्षणासाठी सांकेतिक लिप्या योजिल्या गेल्या. त्यांत रवळोबासांची म्हणून सांगितली जाणारी ‘सकळ लिपी’ प्रमुख. पोथ्या या लिपीत उतरल्या, आणि लिपीची किल्ली दीक्षितांपाशी राहिली. हेतू शुद्ध होता. अपपाठ होऊ नयेत, ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडून विटंबिला जाऊ नये, ही भीती त्या काळी अनाठायी म्हणता येणार नाही. आणि लिपीने ग्रंथ टिकविले हेही खरे. सात शतकांपूर्वीचे मराठी गद्य आज आपण वाचू शकतो याचे काही श्रेय या कुलुपालाच द्यावे लागते. परंतु ज्या ग्रंथाच्या पानापानांवर कोणीही येऊन पुसत आहे, तो ग्रंथ आता बाहेरच्या कोणासही उघडून पाहता येत नव्हता, आणि पाहताच येत नाही त्याविषयी पुसणार कसे?

याची किंमत पंथाने जबर दिली. बाहेरच्या समाजास या लोकांच्या श्रद्धा, त्यांचे काळे वस्त्र, त्यांचे गुप्त अक्षर यांचा उलगडा होईना. उलगडा विचारण्याची वाट उरली नाही, तेव्हा तर्काने ती जागा भरून काढली. ‘मानभावी’ या शब्दास मराठीत जो ढोंगीपणाचा अर्थ चिकटला तो या अविश्वासाचा ठसा आहे. ब्राह्मणी समाजाचा विरोध हे त्याचे मुख्य कारण खरेच. जातिभेद व विटाळ न मानणाऱ्या, अनेक देवतांची उपासना नाकारणाऱ्या पंथास तो विरोध झालाच असता. पण बंद पोथीने विरोधकांचे काम सुलभ केले, हेही इतिहासलेखकाने सांगितले पाहिजे.

कुलूप निघाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा विद्वानांस झाला. त्यात पंथातील काही महंतांनी मोकळ्या मनाने साहाय्य केले, आणि हा भाग आपल्या वाङ्मयेतिहासांतून फार त्रोटक येतो. बाहेरचा माणूस पोथी मागावयास आला असता त्यास दारातून परत पाठविणे सोपे होते. काहींनी त्यास बसवून घेतले, त्याचे प्रश्न ऐकले आणि अक्षरे समजावून दिली. यवतमाळ, नागपूर, अमरावती या टापूत महानुभाव संशोधनाची जी परंपरा वाढली ती या देवघेवीवर वाढली. तिची फळे पुढे देशाबाहेरही गेली. शं. गो. तुळपुळे यांच्यासह आणि स्वतंत्रपणेही काम करणाऱ्या अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचे, गोविंदप्रभुचरित्राचे आणि स्मृतिस्थळाचे इंग्रजी भाषांतर केले. ही पुस्तके 1983 ते 1992 या काळात निघाली. त्यामुळे भटोबासांच्या म्हाताऱ्यांविषयीचा तो उद्गार आता मराठी न जाणणारेही वाचू शकतात.

तुलनेसाठी एक शब्द ज्ञानेश्वरीविषयी. लीळाचरित्रानंतर बारा वर्षांनी, 1290 साली, गोदावरीच्याच टापूत नेवासे येथे ती सिद्ध झाली. तिच्यातही अर्जुनाच्या प्रश्नाने श्रीकृष्ण आनंदतात, आणि प्रश्नकर्त्याचे कौतुक करताना ज्ञानेश्वरांची वाणी विशेष रसाळ होते. दोन्ही ग्रंथांच्या मुळाशी एकच काळ आणि एकच गरज असावी, हे उघड आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की ज्ञानेश्वरीतील अर्जुन हा महाभारताने दिलेला एकच आदर्श श्रोता आहे. लीळाचरित्रातील श्रोते अनेक आहेत, अपूर्ण आहेत, त्यांची गावे ठाऊक आहेत, आणि त्यांच्यापैकी काहीजणांना एकदा सांगून समजत नाही. वाङ्मय म्हणून कोणते श्रेष्ठ हा येथे प्रश्नच नाही. समाजाच्या इतिहासासाठी मात्र दुसऱ्या प्रकारचा श्रोता अधिक मोलाचा.

या दृष्टीने लीळाचरित्राचे पुष्कळ काम अजून करण्याजोगे आहे. ग्रंथास व्यक्तिनामांच्या व स्थलनामांच्या सूची जोडल्या जातात. प्रश्नांची सूचीही व्हावयास हवी. कोणी पुसले, कोठे पुसले, काय पुसले, उत्तर तत्काळ मिळाले की प्रश्न परतविला गेला, आणि त्याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या माणसास निराळे मिळाले काय, अशा पाच रकान्यांत एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे तिन्ही भाग उतरवून काढले तर तेराव्या शतकातील सामान्य माणसास काय काय जाणून घ्यावेसे वाटत होते याचा एक वृत्तान्तच हाती येईल. असा वृत्तान्त यादवांच्या शिलालेखांतून वा ताम्रपटांतून मिळण्याचा संभव नाही. रामटेक येथे 1997 साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ निघाले, आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा 2023 साली झाला. केसोबासांचे रत्नमालास्तोत्र पहिल्या ठिकाणी आणि भटोबासांचा नकार दुसऱ्या ठिकाणी अभ्यासिला जाईल अशी सोय यामुळे झाली आहे. दोन्हीकडील विद्यार्थ्यांनी मिळून ही सूची हाती घ्यावी. आरंभ महदाइसेपासून करणे सोयीचे पडेल, कारण रकाने भरण्यास तिच्याइतकी सामग्री दुसऱ्या कोणत्याही नावाखाली सापडणार नाही.